दुरुस्तीचा हक्क (स्मार्टफोन)

विकत घेतलेला फोन स्वतः किंवा आपल्या पसंतीच्या कारागिराकडून दुरुस्त करून घेण्याचा ग्राहकाचा हक्क. त्यासाठी सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची माहिती वाजवी किमतीत मिळावी लागते.

पूर्वी मागचे झाकण नखाने उचकटून बॅटरी बदलता येई. आता बहुतेक फोनमध्ये ती डिंकाने चिकटवलेली असते. मागची काच गरम करून, फटीत पातळ पाते सरकवून ती सोडवावी लागते. त्याहून जाचक अडसर सॉफ्टवेअरचा. काही फोनमध्ये स्क्रीन किंवा बॅटरीचा क्रमांक मदरबोर्डशी जुळवलेला असतो. त्यामुळे अस्सल भाग बसवला, तरी कंपनीच्या मान्यतेअभावी इशारा झळकतो किंवा एखादी सोय बंद पडते. हा ग्राहकाच्या मालकीवरच घाला आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने 2024 मध्ये कायदा करून अशा जुळवणीवर बंधने आणली.

फ्रान्समध्ये 2021 मध्ये, फोन दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणारा दुरुस्ती-गुणांक विक्रीवेळी दाखवणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या 20 जून 2025 पासून लागू झालेल्या नियमांनुसार, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे पुरवावे लागतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीने 2015 मध्येच, स्क्रीन हत्याराविना काढता येणारा ‘फेअरफोन 2’ बाजारात आणून सहज दुरुस्त होणारा फोन बनवणे शक्य असल्याचे दाखवले होते.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. ते दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देते. पण कायद्याच्या सक्तीविना गल्लीतल्या मोबाइल कारागिराला अस्सल सुटे भाग मिळण्याची हमी नाही.