संगीताचे कुलूप आणि श्रोत्याचा संगणक : सोनी बीएमजी प्रकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगीताच्या सीडीची नक्कल होऊ नये म्हणून तिला तांत्रिक कुलूप घालण्याचे अनेक प्रयोग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोप-अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी केले. त्यांपैकी बहुतेक प्रयोग आज विस्मृतीत गेले आहेत. सोनी बीएमजी या कंपनीचा २००५ मधील प्रयोग मात्र विसरला गेला नाही. कारण त्यातून एक मूलभूत प्रश्न चव्हाट्यावर आला. गाण्यावर कंपनीचा स्वामित्वहक्क आहे हे मान्य केले, तरी ते गाणे ज्या संगणकावर वाजते त्या संगणकावर हक्क कोणाचा? प्रस्तुत लेखात या प्रकरणाचा कालक्रम तपासला आहे. नक्कल रोखणे हा कंपनीचा हक्क होता; परंतु त्यासाठी ग्राहकापासून त्याच्याच यंत्रातील गोष्ट लपविणे हा तिचा अपराध होता आणि पुढील सर्व अनर्थ त्या लपवाछपवीतून उद्भवला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका

सीडीचे तांत्रिक प्रमाण फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये निश्चित केले. ‘रेड बुक’ या नावाने ते ओळखले जाते. या प्रमाणात नक्कल रोखण्याचे खरे कुलूप नव्हते, कारण त्या वेळी सीडीची प्रत काढण्याचे साधन सामान्य माणसाच्या घरी असणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. त्यानंतरच्या दीड दशकात संगणक स्वस्त झाले, सीडी लिहिणारी यंत्रे घरोघरी पोहोचली, आणि १९९९ मध्ये ‘नॅपस्टर’ने गाण्यांच्या देवाणघेवाणीचे दार सताड उघडले. न्यायालयीन आदेशानंतर २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले, तरी त्याच्या मागून आलेल्या सेवांना आवर घालणे कंपन्यांना जमले नाही.

कंपन्यांसमोरील अडचण अशी होती की, मूळ प्रमाणात बदल केला तर लोकांकडे असलेली कोट्यवधी जुनी यंत्रे निरुपयोगी ठरली असती. म्हणून दोन मार्ग शोधले गेले. पहिला मार्ग म्हणजे तबकडीतच असा दोष निर्माण करणे की, साध्या वादकयंत्रावर ती वाजावी पण संगणकाला वाचता येऊ नये. सेलीन डिऑन या गायिकेची अशी एक सीडी २००२ मध्ये युरोपात विकली गेली. ती घातल्यावर अॅपल कंपनीचे संगणक ठप्प होऊ लागले. या प्रकारचे कुलूप तबकडीच्या कडेला साध्या मार्कर पेनाची रेघ ओढली की निघते, हेही त्याच वर्षी जगजाहीर झाले. फिलिप्सने तर असल्या तबकड्यांवर सीडीचे अधिकृत चिन्ह छापण्यास हरकत घेतली. दुसरा मार्ग म्हणजे गाण्यांबरोबर एक संगणकप्रणाली देणे आणि ती श्रोत्याच्या संगणकात आपोआप उतरविणे. सनकॉम या कंपनीची ‘मीडियामॅक्स’ ही या जातीची. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी अॅलेक्स हाल्डरमन यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये दाखवून दिले की, सीडी घालताना कळफलकावरील शिफ्ट ही कळ दाबून धरली तर ती प्रणाली चालूच होत नाही. सनकॉमने त्यांच्यावर दावा ठोकण्याची घोषणा केली आणि लगेचच ती मागेही घेतली.

या इतिहासात सोनीचे स्थान विलक्षण आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने सोनीच्या ‘बीटामॅक्स’ व्हिडिओ यंत्राच्या बाजूने निकाल दिला होता. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा प्रेक्षकाचा गैरवापर नव्हे, असा सोनीचा त्या खटल्यातील युक्तिवाद होता. तेव्हा सोनी केवळ यंत्रे विकत होती. १९८८ मध्ये तिने सीबीएस रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रण कंपनी ताब्यात घेतली, आणि २००४ मध्ये जर्मनीच्या बर्टेल्समान समूहाबरोबर भागीदारी करून सोनी बीएमजी स्थापन केली. ज्या घराण्याने वीस वर्षांपूर्वी ग्राहकाच्या घरातील यंत्राची बाजू लढविली होती, त्याच घराण्याचे नाव आता कुलूप घालणाराच्या पाटीवर होते.

कुलपाची रचना

सोनी बीएमजीने वापरलेली ‘एक्ससीपी’ ही प्रणाली फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने तयार केली होती. सीडी विंडोजवर चालणाऱ्या संगणकात घातली की परवाना करार पडद्यावर येई. तो मान्य केल्याखेरीज त्या संगणकावर गाणी ऐकण्याची सोय नव्हती. मान्य केल्यावर एक वादक प्रणाली उतरे आणि श्रोत्याला सीडीच्या फक्त तीन प्रती काढता येत. त्या काळी सर्वाधिक खपणाऱ्या आयपॉडवर ही गाणी सरळ मार्गाने नेता येत नसत. एक लहानशी प्रणाली संगणकावर उतरेल एवढे करारात लिहिले होते; ती स्वतःला लपवून राहील, हे लिहिले नव्हते. ती काढून टाकण्याची सोय तर दिलेलीच नव्हती.

लपण्याचे हे तंत्र ‘रूटकिट’ या नावाने ओळखले जाते. युनिक्स प्रणालीत सर्वाधिकारी वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. त्यावरून हा शब्द आला. संगणकात कोणकोणत्या फाइली आहेत, असे विचारले असता जी यंत्रणा उत्तर देते, तिच्या आणि विचारणाऱ्याच्या मध्ये रूटकिट उभे राहते आणि हवी ती नावे यादीतून गाळते. एक्ससीपीचा नियम अगदी ढोबळ होता. डॉलरचे चिन्ह, ‘सिस’ ही रोमन अक्षरे आणि पुन्हा डॉलरचे चिन्ह, अशी ज्या नावाची सुरुवात असेल ते प्रत्येक नाव अदृश्य होई. नाव धारण करणारा कोण, याची शहानिशा होत नसे. चोराला आत येण्यासाठी कुलूप फोडण्याची गरजच नव्हती. कंपनीने बांधून दिलेल्या भुयारात तो फुकट राहू शकत होता.

हे भुयार विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच यांना अनपेक्षितपणे सापडले. लपलेल्या प्रणाली शोधणारे स्वतः तयार केलेले साधन ते आपल्याच संगणकावर चालवून पाहत होते. मिळालेल्या खुणांचा माग काढता तो व्हॅन झँट या बंधुद्वयाच्या एका रीतसर विकत घेतलेल्या सीडीपर्यंत पोहोचला. सीडी यंत्रात नसतानाही ही प्रणाली दर दोन सेकंदांनी संगणकातील चालू प्रक्रिया तपासत असल्याचे त्यांना दिसले. लपलेल्या फाइली त्यांनी हाताने काढून टाकल्या, तेव्हा सीडी वाचणारे यंत्रच विंडोजमधून नाहीसे झाले. त्यांच्यासारख्या तज्ज्ञाने ते परत मिळविले. सामान्य श्रोत्यापुढे सारी प्रणाली पुसून नव्याने भरण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी हा सारा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

प्रिन्स्टनचे प्राध्यापक एड फेल्टन आणि हाल्डरमन यांनी पुढे केलेले विश्लेषण येथे महत्त्वाचे आहे. नक्कल रोखणारी प्रणाली श्रोत्याच्या कोणत्याही गरजेची नसते. त्यामुळे ती त्याच्या इच्छेविरुद्ध आत शिरते आणि टिकून राहण्यासाठी लपते, असे त्यांचे निरीक्षण होते. हेरगिरी करणाऱ्या प्रणालींची रीतही हीच असते. म्हणजे हा केवळ एखाद्या अकुशल कारागिराचा हलगर्जीपणा नव्हता, दोष मूळ हेतूतच होता.

उपायातून अपाय

फिनलंडच्या एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबरच्या सुरुवातीसच सोनी बीएमजीला या धोक्याची कल्पना दिली होती. ग्राहकांना मात्र तो कळला रसिनोविच यांच्या लेखनामुळे. त्यानंतर कंपनीने जे पडदा काढणारे दुरुस्तीसाधन दिले, त्याने लपलेली प्रणाली दिसू लागे, पण ती जागची हलत नसे. याच सुमारास कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी थॉमस हेसे यांनी नभोवाणीवरील मुलाखतीत विचारले की, रूटकिट म्हणजे काय हे बहुतेक लोकांना ठाऊकच नाही, मग त्यांनी त्याची पर्वा का करावी? या एका वाक्याने कंपनीचे जेवढे नुकसान केले तेवढे टीकाकारांनाही साधले नसते.

उत्तर आठवड्याभरातच मिळाले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात लबाडी करणारे खेळाडू आपली साधने लपविण्यासाठी हेच तंत्र वापरू लागले होते. १० नोव्हेंबर रोजी त्या सांकेतिक नावाच्या आड दडणारा पहिला घातक ट्रोजन आढळला. दुसऱ्या दिवशी कंपनीने या सीडींचे उत्पादन थांबविले आणि पुढील आठवड्यात बाजारातील सीडी परत मागविल्या. ५२ शीर्षके, तयार झालेल्या सुमारे ४७ लाख सीडी आणि त्यांपैकी विकल्या गेलेल्या सुमारे २१ लाख, असा हा पसारा होता. सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी इंटरनेटवरील नामनिर्देशक सर्व्हरांची पाहणी केली, तेव्हा किमान ५,६८,२०० सर्व्हरांवर या प्रणालीशी संबंधित पत्त्यांची विचारणा झाल्याच्या खुणा मिळाल्या. ही संख्या संगणकांची नव्हे, हे लक्षात घ्यावे लागते. एकेका सर्व्हरामागे किती संगणक होते हे त्यावरून कळत नाही.

प्रणाली पूर्णपणे काढून टाकण्यासाठी कंपनीने जे साधन दिले, त्याची कथा तर मूळ रोगाहून वाईट. ते मिळविण्यासाठी ग्राहकाला अर्ज भरावा लागे आणि ईमेलचा पत्ता द्यावा लागे. फेल्टन आणि हाल्डरमन यांनी १५ नोव्हेंबरला दाखविले की, हे साधन संगणकावर असा एक घटक मागे ठेवते, ज्याच्या आधारे कोणतेही संकेतस्थळ त्या संगणकात हवी ती प्रणाली चालवू शकेल. भरीस भर म्हणजे, स्वामित्वहक्काच्या रक्षणासाठी बनविलेल्या एक्ससीपीमध्येच ‘लेम’ या मुक्त प्रणालीचे अंश तिच्या परवान्याच्या अटी न पाळता घेतल्याचे आढळले.

एवढ्यावर प्रकरण थांबले नाही. सुमारे २ कोटी सीडींवर असलेली मीडियामॅक्स ही त्याच कंपनीने वापरलेली दुसरी प्रणाली. श्रोत्याने करार नाकारला तरी तिच्या फाइली संगणकावर उतरलेल्याच असत. डिसेंबर २००५ मध्ये तिच्यातही सुरक्षेचा दोष सापडला, आणि त्यावर दिलेली पहिली दुरुस्तीही सदोष निघाली. रूटकिट नसल्यामुळे मीडियामॅक्सकडे वृत्तपत्रांचे लक्ष कमी गेले. संमतीच्या दृष्टीने पाहता तिचे वर्तन अधिक गंभीर मानावे लागते.

शासन, न्यायालये आणि संशोधक

२१ नोव्हेंबर २००५ रोजी टेक्सास राज्याने हेरप्रणालीविरोधी नव्या कायद्याखाली कंपनीवर दावा दाखल केला. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यातील तडजोडीस न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने मे २००६ मध्ये मान्यता दिली. एक्ससीपी असलेल्या सीडीच्या बदल्यात कुलूप नसलेली सीडी, शिवाय साडेसात डॉलर व एक अल्बम किंवा नुसते तीन अल्बम, असे तिचे स्वरूप होते. डिसेंबर २००६ मध्ये टेक्सास व कॅलिफोर्नियाला प्रत्येकी साडेसात लाख डॉलर देण्याचे ठरले. त्यानंतर इतर अनेक राज्यांशीही समझोता झाला. संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २००७ मधील तडजोडीत, संगणक दुरुस्तीसाठी ग्राहकाला दीडशे डॉलरपर्यंत भरपाई देण्याची आणि यापुढे स्पष्ट संमतीशिवाय प्रणाली न उतरविण्याची अट घातली. एका मोठ्या कंपनीच्या दृष्टीने या रकमा किरकोळच होत्या. तिला खरा हादरा बसला तो बाजारात. जानेवारी २००८ मध्ये हीच कंपनी अॅमेझॉनवर कुलपाविना एमपीथ्री गाणी विकू लागली.

या प्रकरणातील कमी चर्चिलेला भाग संशोधकांचा आहे. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने तांत्रिक कुलूप तोडणे हाच अमेरिकेत अपराध ठरविला होता. त्यामुळे सीडीवरील धोका तपासणाऱ्यालाच कोर्टात खेचले जाण्याची भीती होती. फेल्टन आणि हाल्डरमन यांना एक्ससीपीतील दोष रसिनोविच यांच्या आधीच लक्षात आले होते. परंतु वकिलांशी सल्लामसलत करण्यात वेळ गेला आणि त्या काळात श्रोते सीडी विकत घेतच राहिले. नोव्हेंबर २००६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने, सुरक्षेस धोका निर्माण करणाऱ्या संरक्षित सीडींच्या तपासणीपुरती सूट दिली. भारतात अशाच स्वरूपाची तरतूद स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ म्हणून आली. तिच्यात संगणकाच्या मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षा-तपासणी पहिल्यापासूनच अपवाद मानली आहे. अमेरिकेतील सूट मात्र मुदतीची होती. २०१० च्या फेरविचारात सीडींची जागा संगणकीय खेळांनी घेतली, आणि मोटारी व वैद्यकीय उपकरणांपर्यंत पोहोचणाऱ्या व्यापक सवलतीसाठी संशोधकांना २०१५ पर्यंत वाट पाहावी लागली.