एकसूत्री कार्यक्रम

गृहसजावटीच्या शास्त्रात एकसूत्रतेला फार मान आहे. भिंत, पडदे, उशा, गालिचा यांचं एकमेकांशी पटलं पाहिजे म्हणे. मग त्या घरातल्या नवराबायकोचं पटो न पटो! आम्हा सोलापूरकरांना मात्र ही विद्या कधी शिकावी लागली नाही. सूत्र म्हणजे सूत, आणि सुताची आमच्या गावात काय वाण?

इतिहासच काढायचा तर १८७७ साली इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंगची गिरणी सुरू झाली. तेव्हा ती नवीच असणार. पण मागाहून आणखी गिरण्या आल्या आणि ती कायमची 'जुनी मिल' झाली. थोरल्या सुनेचं होतं तसं! तेलंगणातले पद्मशाली विणकर इथे वसले, त्यांच्या हातमागांचे पुढे यंत्रमाग झाले. शेजारीण कन्नडमध्ये साखर मागते, मागावरचा माणूस तेलुगूत गुणगुणतो, आणि भांडण मराठीत होतं. अशा गावाला एकत्र बांधायला धागा जरा जाडच लागतो.

तो धागा म्हणजे आमची चादर. तिच्यावरची नक्षी उमटते जॅकार्डमुळे. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली ही युक्ती काढली. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची; भोक आलं की ताण्याचा धागा वर, नाही आलं की खाली. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे घेतले. म्हणजे आमची चादर कॉम्प्युटरची थोरली मावसबहीण! हे ऐकून पुण्यातला माझा भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे हे सॉफ्टवेअरच की!"

"हो रे, पण धुता येतं," मी म्हणालो.

या चादरीला दोन्ही बाजू सुलट. इकडे निळ्यावर पांढरं फूल, तर तिकडे पांढऱ्यावर निळं. सजावट बदलायची तर चादर उलटायची, खर्च शून्य. पलंगावर चादर, ट्रंकेवर चादर, शिवणाच्या मशीनवर चादर, मधल्या दाराला पडदा म्हणूनही चादरच! कोणाच्याही घरी जा, आपल्याच घरी आल्यासारखं वाटायचं. इतकी एकसूत्रता कुठल्या डेकोरेटरला जमली आहे?

फक्त विणकराच्या घराची गोष्ट वेगळी. तिथे पुढची खोली मागाने अडवलेली. गावभर फुलं पसरणाऱ्याला स्वतःचं अंथरूण मागाच्या कडेला अंग चोरून घालावं लागे.

आता गिरण्यांचे भोंगे थांबले. पुष्कळ माग चादर सोडून टॉवेलकडे वळले. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात पानिपतचा स्वस्त माल 'सोलापुरी' म्हणून खपतो. १७६१ चं पानिपत एका दिवसात आटोपलं. हे रोज दुकानातून चालू आहे.

परवा भाच्याच्या नव्या फ्लॅटमध्ये पाहिलं, तर त्याच्या डेकोरेटरने सोलापुरी चादर चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगलेली. "मामा, एथनिक टच," भाचेसून कौतुकाने म्हणाली. चादर दिसत होती सुरेख. पण आपल्याकडे माणूस गेल्यावरच त्याला चौकटीत घालून भिंतीवर लावतात.

रात्री पांघरायला मला तिथे गुबगुबीत परदेशी रजई मिळाली. मी भाच्याला हाक मारली आणि म्हटलं, "बाळ, ती भिंतीवरची जरा खाली काढ. अजून तिची ऊब गेलेली नाही."