पवईचं धरण : १३० वर्षं टिकलेलं तात्पुरतं काम

आजचा भाग आपल्या मरोळच्या शेजारच्या पवई तलावावर. म्हणजे खरं तर त्याच्या धरणावर. कारण पवई हा तलाव आहे असं आपण म्हणतो, पण धरण नसतं तर तो तलावच नसता.

मी गेले काही रविवार या धरणाचं जलरंगात चित्र काढतोय. दगडी भिंत म्हटल्यावर मी आधी काळा रंग काढून ठेवला होता. पण नीट बघितलं की कळतं, काळा कुठेच नाही. कोरडा दगड निळसर करडा, ओला जवळजवळ जांभळा आणि सांध्यांत शेवाळाचा हिरवा. शेवटी निळा आणि तपकिरी मिसळूनच काम भागलं. दगडांच्या रांगा काढताना हात दुखतो, तेव्हा वाटतं, हे सगळं फोडून, घडवून, उचलून कुणी बसवलं असेल? त्या मजुरांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

आता इतिहास. मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते विहार तलावामुळे, १८६० मध्ये. हेन्री कोनीबेअर या इंजिनिअरची ती योजना. मिठी नदीचं पाणी मातीचे बांध घालून अडवलं आणि विहार गाव त्याखाली गेलं. मग १८७९ मध्ये तुळशी. तरी पुरेना. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाखांच्या वर होती. तानसाचं मोठं काम सुरू होतं, पण ते पूर्ण होईपर्यंत करायचं काय? म्हणून पवई. दोन टेकड्यांच्या मध्ये साधारण १० मीटर उंचीची भिंत, खर्च सुमारे १२.५९ लाख रुपये, वर्ष १८९०-९१.

आमच्या भाषेत याला ‘हॉटफिक्स’ म्हणतात. मोठं अपडेट येईपर्यंत वेळ मारून न्यायची. १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं आणि पवईची गरज संपली. त्यात पाण्याचा दर्जाही चांगला नव्हता. आजही ते पिण्यासाठी नाही, आरे कॉलनीला आणि कारखान्यांना दिलं जातं.

माझ्या मते पवईचं दुखणं इथेच आहे. विहारचं पाणी आपण पितो, म्हणून तिथे पहारा आहे. पवईचं पीत नाही, म्हणून तिथे सांडपाणी येतं, जलपर्णी माजते. पालिकेने तर तलावाच्या कडेने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं.

पण हे धरण निरुपयोगी नाही हो! तलाव भरला की त्याचं पाणी मिठीत जातं. विहारचंही तिथेच. आणि मिठी वाहते मरोळ, साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीकडे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा याच नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. तलावात गाळ जितका साचेल, तितकं पाणी कमी मावणार आणि उरलेलं लवकर खाली येणार. साधं गणित आहे.

त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात ‘पवई भरला’ अशी बातमी आली की नुसता व्हिडिओ काढू नका. ते पाणी पुढे आपल्याच दाराकडे येतंय, एवढं लक्षात ठेवा.