कुरकुरीचा इतिहास

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण संध्याकाळचे सहा वाजल्याचं कळायचं ते तीर्थरूपांच्या सायकलीवरून. बोळाच्या तोंडाशी ती वळली की आधी 'कुईंऽ', मग 'खडक्', मग पुन्हा 'कुईंऽ' असा आवाज यायचा. आई चहाचं आधण ठेवायची आणि आम्ही कॅरम आवरून अभ्यासाची पुस्तकं उघडायचो. पुण्यात तेव्हा सायकलींना तोटा नव्हता; पण एवढी बोलकी सायकल आमच्या पेठेत दुसरी नव्हती.

1976 साली तीर्थरूप निवृत्त झाले आणि ती कुरकुरीसकट माझ्याकडे आली. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. कचेरीत पोचण्याआधी माझा आवाज पोचायचा, त्यामुळे उशिरा येऊन हळूच खुर्चीत बसण्याची सोयच उरली नाही. मग मी तेल घालू लागलो. आधी खोबरेल, ते थंडीत गोठलं. मग शिवणयंत्राचं. ते साखळीपेक्षा माझ्या विजारीच्या अंगी जास्त लागलं.

खरं म्हणजे पूर्वी सायकलीला ही कटकट नव्हतीच, कारण साखळीच नव्हती. 1870च्या सुमारास विलायतेत जी उंच सायकल आली, तिची पायडलं थेट पुढच्या चाकाला जोडलेली असत. पायांच्या एका फेरीत चाकाची एक फेरी. तेव्हा जास्त पल्ला मारायचा तर चाक मोठं हवं. म्हणून ते वाढत वाढत पुरुषभर उंचीला जाऊन टेकलं. वाहन आवाज करीत नसे, पण स्वार डोक्यावर आपटला की तो करी. पुढे 1885 साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' काढली. जवळजवळ सारखी दोन चाकं आणि साखळीने फिरणारं मागचं चाक. माणसाची मान वाचली, कान गेले.

साखळी मात्र त्याआधीच सुधारली होती. मूळचे स्विस, पण मँचेस्टरात कारखाना थाटलेले हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली तिचं नवं पेटंट घेतलं. खिळ्यावर नळी आणि नळीवर मोकळा फिरणारा रूळ, अशी ती रचना. दात्यावर साखळी घासत नाही, रूळ पोळीवरच्या लाटण्यासारखा फिरतो. आजही सायकलींच्या साखळ्या बहुतेक त्याच कुळातल्या. या गृहस्थांनी 1895 साली चक्क 'मुकी साखळी'ही शोधली. पण ती कारखान्यांच्या यंत्रांत आणि मोटारींत रमली. सायकलीच्या नशिबी बोलकीच आली.

वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन यांनी तर आपल्या 'सनबीम' सायकलीची साखळी बंद पेटीत, तेलाच्या छोट्या हौदातच ठेवली. आपल्याकडचं पत्र्याचं चेनकव्हर हे त्या घराण्यातलं गरीब नातवंड. यात तेल नाही, नुसता पत्रा. साखळी सैल झाली की त्यावर आपटते आणि पत्रा डफासारखा वाजतो. आवाज झाकायला बसवलेली वस्तूच आवाज वाढवते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीसारखंच झालं.

हे ज्ञान मला नाक्यावरच्या मिस्त्रींमुळे झालं. त्यांनी कव्हर काढलं, साखळीकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, पोट उपाशी नि मिशांना तूप!" घर्षण असतं आत, खिळा आणि नळी यांच्यामध्ये, मी तेल थापत होतो बाहेरून. त्यावर धूळ बसून पॉलिशपेपर तयार झाला होता. त्यांनी पट्टी लावली. साखळीचा एक सांधा अर्ध्या इंचाचा, म्हणजे चोवीस सांधे बरोबर बारा इंच भरायला हवेत. आमचे सव्वाबारा भरले! "ताणली का?" मी विचारलं. "लोखंड कशाला ताणतंय? खिळे झिजले." नवी साखळी घालायची तर फ्रीव्हीलही नवं हवं, नाहीतर झिजल्या दात्यांवरून ती उड्या मारते. मी खिशाकडे पाहिलं आणि हो म्हणालो.

मग प्रत्येक रुळावर एकेक थेंब, पायडल उलटं फिरवून तेल आत जिरवणं आणि बाहेरचं फडक्याने पुसून टाकणं. या पुसण्याला मी विरोध केला. घातलेलं तेल पुसायचं म्हणजे काय! पण मिस्त्री ऐकणारे नव्हते. मागच्या चाकाचे नट ढिले करून त्यांनी चाक दोन्ही बाजूंनी सारखं मागे ओढलं, साखळी जिथे सर्वांत ताठ होते तिथे अर्धा इंच झोळ ठेवला. राहिलं ते 'खडक्'. ते पायडलाच्या फेरीला एकदाच यायचं. "ही साखळी नव्हं, कॉटर," म्हणत त्यांनी क्रँकच्या खाली लोखंडी ठोकळा धरला, हातोडीचे दोन ठोके घातले आणि नट आवळला.

त्या संध्याकाळी मी बोळात वळलो. काहीच ऐकू आलं नाही. दारात उभा राहिलो तर आई दचकली. "अगं बाई, कधी आलास?" आधण ठेवलेलं नव्हतं.

तीर्थरूप आरामखुर्चीतून उठले. बाहेर येऊन त्यांनी मागचं चाक उचललं आणि पायडल हाताने फिरवलं. थांबून पुन्हा एकदा फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि माझी सायकल कुठे ठेवलीस?"