वर्गणीचे तीन डॉलर

गोधडीचे मासिक वर्गणी भरून घ्यावे का? आपल्याला हा प्रश्नच नवखा वाटेल. आपल्याकडे गोधडी शिवायला जुनी लुगडी, सुई-दोरा आणि शेजारी बसलेली आजी एवढे पुरत असे. अमेरिकेत मात्र हा प्रश्न बराच जुना आहे.

लुई गोडी यांनी १८३० साली फिलाडेल्फियात 'गोडीज लेडीज बुक' हे मासिक काढले. वर्षाची वर्गणी तीन डॉलर. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. अनेकींनी मिळून वर्गणी भरली तर सवलत मिळे. १८३५ मध्ये त्यात मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी तुकड्यांच्या गोधडीचा नमुना छापून आला. पण असे नमुने विरळाच. बाकी सगळी फॅशन, कथा आणि कविता.

पुढे १९२८ पासून 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्राने नमुने छापायला घेतले. १९६१ पर्यंत ते हजारावर गेले. घरी आलेल्या पेपरातून कापून ठेवले की झाले, वेगळी वर्गणी नको!

तरीही १९६९ मध्ये बॉनी लेमन यांनी कोलोरॅडोत फक्त गोधडीला वाहिलेले मासिक सुरू केले आणि ते २०१६ पर्यंत चालले. नमुने स्वस्तात मिळत असताना बायकांनी पैसे का मोजले? मला वाटते, सोबतीसाठी. दूरच्या कुणा अनोळखी बाईने काय शिवले, हे त्यात पाहायला मिळे.

म्हणून माझे उत्तर असे: जिच्या शेजारी आजी आहे तिने पैसे वाचवावेत. जिच्या शेजारची ती जागा रिकामी आहे, तिची वर्गणी वाया जात नाही.