जुळे अणू एकमेकांना किती लांबून ओळखतात?

पाषाणला एनसीएलच्या शेजारी आयसर पुणेचा कॅम्पस आहे. तिथे उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत लेझर मारून रुबिडियमचे अणू थंड करतात. फ्रीजरसारखे थंड नाही हं, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर. लेझरने गोष्टी तापतात, मग अणू गार कसे होतात, हा वेगळ्या भागाचा विषय आहे. आजचा प्रश्न असा: अगदी एकसारखे दोन अणू एकमेकांना किती लांबून ओढू शकतात? याचं पक्कं उत्तर मिळायला साठेक वर्षं लागली.

सुरुवात करू १९३० पासून. बर्लिनमध्ये आयझेनशिट्झ आणि फ्रिट्झ लंडन यांनी क्वांटम गणित करून दाखवलं, की दोन शांत बसलेल्या अणूंमध्येही एक हलकी ओढ असते. पण ती फार लवकर मरते. अंतर दुप्पट केलं की ओढीची ऊर्जा ६४ पट कमी. बीटेकला आम्ही 'व्हॅन डर वाल्स' म्हणून घोकलं ते हेच, आणि पेपर झाल्यावर विसरलो.

आता त्यातल्या एका अणूला प्रकाश देऊन उत्तेजित करा. दुसरा तसाच शांत. इथे सगळं बदलतं, पण अणू जुळे असतील तरच. सवाईच्या स्टेजवरचे दोन तंबोरे आठवा. दोन्ही एकाच सुरात लावलेले असले की एकाची तार छेडल्यावर दुसऱ्याची न छेडता झंकारते. अणूंचंही तसंच. ऊर्जा याच्याकडून त्याच्याकडे, परत याच्याकडे. नेमका कोणता अणू उत्तेजित आहे हे सांगताच येत नाही. या देवाणघेवाणीमुळे जी ओढ (किंवा कधी ढकल) तयार होते, ती अंतर दुप्पट केल्यावर फक्त ८ पट कमी होते. ६४ च्या जागी ८! म्हणजे लांबवर पोचते. १९३९ मध्ये किंग आणि व्हॅन व्लेक यांनी या बळावर 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये लेख लिहिला.

कागदावर ठीक, पण अचूक मोजायचं कसं? खोलीच्या तापमानाला सोडियमचा अणू सेकंदाला पाचशेहून जास्त मीटर पळतो. अशा धावपळीत ही नाजूक ओढ पार झाकून जाते. लेझर कूलिंग आलं तेव्हा तोच अणू सेकंदाला मीटरभरही सरकेना, आणि मग मोजमाप जमलं.

माझा आवडता किस्सा इथला आहे. सोडियमचा उत्तेजित अणू किती वेळ टिकतो, यावर सिद्धान्त आणि प्रयोग यांचं वर्षानुवर्षं जमत नव्हतं. फरक किती? साधारण एक टक्का. तुम्ही म्हणाल, सोडून द्या की. पण कोडमध्ये एक टक्का वेळा चुकीचं उत्तर आलं तर आपण सोडून देतो का? मग १९९६ मध्ये अमेरिकेतल्या गेदर्सबर्गच्या टीमने (विल्यम फिलिप्स आणि पॉल लेट त्यात होते) थंड सोडियम अणूंच्या जोड्या लेझरने जुळवल्या. नेहमीच्या सोडियम रेणूच्या दहापटीहून जास्त अंतर, तरी एकत्र बांधलेले. त्या जोडीच्या कंपनांवरून त्यांनी ओढ मोजली. गंमत अशी, की अणू प्रकाश जितक्या जोरात सोडतो तितक्याच जोरात जुळ्याशी जोडला जातो. त्यामुळे ओढ कळली की आयुष्यही कळतं. उत्तर आलं सुमारे १६.२ नॅनोसेकंद. सिद्धान्तवाले बरोबर निघाले. त्याच वर्षी जर्मनीत वेगळ्या पद्धतीने केलेल्या मोजणीनेही तेच सांगितलं. शिवाय एका अणूपासून दुसऱ्यापर्यंत जायला प्रकाशाला वेळ लागतो, त्याचा बारीकसा परिणामही गेदर्सबर्गच्या मोजणीत दिसला. अंतर नॅनोमीटरमध्ये असताना! मला तरी हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

यापुढची उडी रिडबर्ग अणूंची. इलेक्ट्रॉनला फार वरच्या पातळीवर नेऊन ठेवायचं, म्हणजे अणू फुगतो. पातळीचा आकडा दुप्पट केला, तर दोन अणूंमधली व्हॅन डर वाल्स ओढ साधारण दोन हजार पट वाढते. २००९ मध्ये अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये दाखवून झालं, की काही मायक्रॉन लांबचा एक रुबिडियम अणू असा फुगवला की शेजाऱ्याला फुगताच येत नाही. अणूंवर चालणाऱ्या क्वांटम कॉम्प्युटरमधलं गेट याच अडवणुकीवर बसवतात. आमच्या भाषेत, एकाने लॉक घेतला की दुसरा थांबतो.

आणि इथे गाडी परत पाषाणला येते. २०१० मध्ये हेंकेल, रेजिश नाथ आणि पोल यांनी गणिताने दाखवलं, की अतिथंड अणूंच्या ढगात रिडबर्गपणाचा थोडासा अंश मिसळला, तर तो ढग स्फटिकासारखा रांगेत बसेल आणि तरीही घर्षणाशिवाय वाहील. त्यातले रेजिश नाथ पुढे आयसर पुण्यात आले. लांब पल्ल्याच्या बळांचं त्यांचं गणित आता इथे चालतं, रुबिडियम थंड करणाऱ्या लेझरच्या त्याच कॅम्पसवर.

लेझरने अणू गार कसे होतात, ते पुढच्या भागात. तोवर नमस्कार!