मोटारीची सांकेतिक किल्ली : कार्य, वापर आणि मर्यादा

किल्लीवाल्याकडून हुबेहूब दाते पाडून घेतलेली किल्ली मोटारीचे दार उघडते, कुलपात फिरतेही. इंजिन मात्र सुरू होत नाही. आधुनिक मोटारीची खरी किल्ली धातूच्या पात्यात नसून मुठीत बसवलेल्या इवल्याशा चिपमध्ये असते, हे त्याचे कारण. या चोरीरोधक यंत्रणेला ‘इमोबिलायझर’ म्हणतात.

कार्यपद्धती

इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. किल्ली फिरवताच त्यातून साधारणतः १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्यावरच चिपला ऊर्जा मिळते. चिपकडून आलेला संकेत मोटारीच्या संगणकातील नोंदीशी जुळला, तरच इंजिन चालू राहते. चिपला स्वतःची बॅटरी नसते. रिमोटमधील सेल केवळ दारांच्या कुलपासाठी असतो. म्हणूनच सेल संपला तरी अशी मोटार सुरू होते. बटणावर सुरू होणाऱ्या मोटारीतही रिमोटमधील लपवलेल्या पात्याने दार उघडून रिमोट बटणाजवळ किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी धरला, की काम भागते.

परिणाम

युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. नेदरलँड्समधील एका अभ्यासानुसार तिच्यामुळे मोटारचोऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. उलट अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तेथे इमोबिलायझर नसलेल्या किया व ह्युंदाई मोटारी चोरण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली आणि २०२१नंतर अनेक शहरांत या मोटारींच्या चोऱ्या झपाट्याने वाढल्या.

मालकाने घ्यावयाची दक्षता

मोटारीसोबत सहसा दोन किल्ल्या मिळतात. दुसरी किल्ली मोटारीत न ठेवता घरी सुरक्षित ठेवावी. किल्लीसोबत सांकेतिक क्रमांकाची पट्टी किंवा कार्ड असल्यास तेही वेगळे जपावे. जुनी मोटार घेताना दोन्ही किल्ल्या मागून त्या चालवून पाहाव्यात. चोरीनंतर विमा कंपन्या सामान्यतः पोलीस तक्रारीच्या प्रतीसोबत दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. एक नसली तर दावा रखडण्याची शक्यता असते.

किल्ली हरवल्यास केवळ नवी करून घेणे पुरेसे नाही. हरवलेल्या किल्लीची नोंद मोटारीच्या संगणकातून पुसून घ्यावी. अन्यथा ती ज्याच्या हाती पडेल, त्याच्यासाठी मोटार खुलीच राहते. त्यासाठी अधिकृत सेवा केंद्रात उरलेली किल्ली आणि नोंदणी प्रमाणपत्र न्यावे लागते.

मोटार सुरू होत नसेल व किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असेल, तर जुडग्यातील दुसरी सांकेतिक किल्ली बाजूला काढून पाहावे. दोन चिप शेजारी असल्यास संकेतात गोंधळ होऊ शकतो.

मर्यादा

ही यंत्रणा अभेद्य नाही. खिशातील रिमोटवर चालणाऱ्या मोटारींत चोरटे दोन उपकरणे वापरतात : एक घराच्या दाराशी, दुसरे मोटारीजवळ. घरातील रिमोटचा संकेत मोटारीपर्यंत पोहोचवला जातो आणि किल्ली जवळच असल्याचा तिचा समज होतो. झुरिच येथील संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर हा प्रकार सिद्ध करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यावर उपाय साधा आहे : रात्री रिमोट खिडकी-दारापासून दूर, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावा आणि डबा मोटारीजवळ नेऊन दार उघडत नाही ना, हे एकदा तपासावे.

इमोबिलायझर इंजिन रोखतो. मोटार ओढून नेणे किंवा आतील सामानाची चोरी रोखत नाही. त्यामुळे स्टीअरिंग किंवा गिअरचे कुलूप आजही निरुपयोगी ठरलेले नाही. तसेच किल्ली आत ठेवून, इंजिन चालू सोडून दुकानात डोकावणाऱ्यास कोणताही संकेत वाचवू शकत नाही.